शनीचा पाहुणा

खोली दाखवताना त्यांनी मला भाडं सांगितलं नाही, शनीपासूनचं अंतर सांगितलं.

मी तेव्हा सिहोऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकतीच रुजू झाले होते. एकटी बाई, त्यातून ढोरांची डॉक्टर, वेळी-अवेळी गोठ्यात जाणार आणि शेणाने माखून परत येणार; मला खोली द्यायला कोणी राजी नव्हतं. शेवटी चहाच्या टपरीवरच्या माणसाने मला सरांकडे पाठवलं. सर म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. राइस मिलच्या लांबलचक आवाराच्या पार टोकाला, तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाच्याही मागे, दोन खोल्या आणि एक पडवी होती. तिथे ते एकटेच राहत. त्यांनी त्यातल्या एका खोलीचं कुलूप काढलं आणि आवाराच्या पुढच्या बाजूला, मिलशेजारच्या मोठ्या घराकडे, बोट दाखवलं.

"ते घर शनी समजा. मंग ही खोली होते फीबी. शनीचा चंद्र होय. लय दूरचा, लहानसा, रंगानं काळा, आन् बाकीचे मोठे चंद्र जिकडून फिरतात त्याच्या उलटा फिरते. पसंत आहे का?"

मी ठेंगणी, रंगाने काळी आणि दिवसभर दारोदार फिरून डोकं फिरलेली. मला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. मी म्हटलं, "सर, मला खोली पाहिजे. माझी पत्रिका नको."

"पत्रिका तर मीबी पाहत नाही जी," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. टिंगल नव्हतीच ती. त्यांच्या लेखी यापेक्षा मोठी शिफारस कोणत्याही खोलीची होऊ शकत नव्हती, हे मला पुढे कळलं.

त्यांच्या पडवीत एकच तसबीर होती. इतरांच्या घरी जिथे देव असतात किंवा गेलेले वडील असतात, तिथे यांच्याकडे फीबीचा फोटो. एका यानाने जवळून जाताना काढलेला तो फोटो त्यांनी तुमसरला जाऊन मोठा छापून आणला होता आणि काचेच्या फ्रेममध्ये बसवला होता. दिसायला चुलीत भाजलेल्या बटाट्यासारखा, जागोजागी खड्डे. भांडी घासायला येणारी बाई नवीन होती तेव्हा तिने त्याला हळदकुंकू लावून टाकलं. मग तिने विचारलं, "हा कोनता देव होय जी सर?" सरांनी ओल्या फडक्याने काच पुसता पुसता सांगितलं, "देव नाही बाई. पाहुणा होय."

त्यांचं कॅलेंडरही त्या चंद्राच्या हिशेबाचं होतं. फीबीला शनीभोवती एक फेरी मारायला साधारण दीड वर्ष लागतं. फेरी पुरी झाली की सर फोडणीचे मुरमुरे करून आवारात सगळ्यांना वाटत, आणि मिलमधले हमाल कशाचे मुरमुरे हे न विचारता खात. मला आल्या आल्या त्यांनी सांगितलं होतं, "माही बायको गेली, त्याले दोन फेऱ्या झाल्या." मी मनातल्या मनात हिशेब मांडत राहिले आणि सहानुभूतीचं काही बोलायचंच राहून गेलं.

गावाबाहेर तलाव आहे. सकाळी तिथे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फिरायला जाणारी मंडळी सगळी एकाच दिशेने फिरतात, सर उलट्या. अरुंद पाळ, त्यात पावसाळ्यात चिखल. समोरून सर आले की एकेकाला अंग चोरून उभं राहावं लागे. लोक वैतागत. मीही एकदा चिडून विचारलं, की सगळ्यांसारखं चालायला तुमचं काय जातं? ते म्हणाले, "सोबत फिरलं का लोकाइची पाठ दिसते. उलटं फिरलं का तोंड दिसते. प्रत्येकाले रामराम होते." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत उलटी फिरले. खरंच अख्ख्या गावाशी बोलणं झालं, आणि व्यायाम काही झाला नाही.

आता ते मोठं घर. सर या गावचे नव्हतेच. ते मूळचे कोंढ्याचे, तिकडे पवनी तालुक्यातले. नोकरीला सिहोऱ्याला आले, राइस मिलवाल्यांच्या मुलीशी लग्न झालं आणि ते घरजावई झाले. त्या मुलीचा मोठा भाऊ म्हणजे मिलचा मालक. गाव त्यांना मालकच म्हणे. हा माणूस अवाढव्य. मिलच्या दारात त्यांची लोखंडी खुर्ची होती, ती गावातल्या लोहाराने खास बनवलेली, कारण प्लास्टिकच्या खुर्च्यांना त्यांच्यापुढे भविष्य नव्हतं. ते त्या खुर्चीत बसत आणि मुलगे, सुना, नातवंडं, हमाल, गिऱ्हाइकं, दोन कुत्री हे सगळं त्यांच्याभोवती फिरत असे. सर मात्र टोकाच्या पडवीत. लग्न झालं तेव्हा नव्या जोडप्याला मालकांनी हीच जागा दिली होती, सासुरवाडीत माणसाला मोकळेपणा मिळावा म्हणून. माझी खोली हा त्यांचा पहिला संसार.

मालक बाकी कोणाला भीत नसत, पण शनीला भीत. दर शनिवारी तेल, काळे उडीद, सगळं साग्रसंगीत. आपल्या मागे साडेसाती लागली आहे असं त्यांचं गेली कित्येक वर्षं म्हणणं होतं. सर एकदा माझ्यासमोर त्यांना म्हणाले, "दादा, त्या शनीले शंभराच्या वर चंद्र आहेत. एवढं लेकरंबाळं ज्याच्या घरी, तो तुमच्या मांगं कायले लागंन? त्याले घरचंच आवरत नसंन."

मालक हसले नाहीत. "पाहुणे, तुमी शिकले-सवरले, तुमाले चालते," म्हणाले, आणि आत आवाज दिला, "पाहुण्याइले चहा आना रे!"

पाहुणे. चाळीसेक वर्षं त्याच आवारात राहिलेल्या माणसाला मालक पाहुणे म्हणत. त्यात उपरेपणा नव्हता, उलट फार आदर होता. आमच्या भागात जावयाला तसंच म्हणतात. घरात लग्न निघालं की सरांना टिळा, टॉवेल, टोपी, दुपट्टा, सगळा मान. सरांच्या पेटीत मानाच्या टॉवेलांची थप्पी होती. ते त्यांनी कधी वापरले नाहीत. माझ्या दवाखान्यात जन्मलेली निम्मी वासरं मी त्याच टॉवेलांनी पुसली आहेत. "काढा जी उपयोगात, मले नाही लागत," असं म्हणून ते आणून देत.

त्यांना काय खुपतं ते मला एका बारशाला दिसलं. मालकांच्या नातवाचं बारसं होतं, आवारातच पंगती होत्या. सरांना पहिल्या पंगतीत पहिल्या पत्रावळीवर बसवलं. ते जेवले, सगळ्यांत शेवटी उठले आणि मग मंडपात घुटमळत राहिले. एकदा वाकून त्यांनी दोन पत्रावळ्या उचलल्या. लगेच मालकांचा थोरला मुलगा धावत आला, "अजी मामाजी, तुमी कायले?" (आत्याच्या नवऱ्याला इकडे मामाजी म्हणतात.) त्याने पत्रावळ्या काढून घेतल्या आणि सरांना खुर्चीवर बसवून हातात सुपारी दिली. थोड्या वेळाने ते पाण्याचा जग घेऊन निघाले, तोही कोणीतरी काढून घेतला. सर परत खुर्चीवर. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसली. थकलेली, घामेजलेली, एकमेकांना शिव्या देत, तळाचा भात खरवडून वाढून घेत होती. सर पडवीतून तिकडे पाहत होते. त्यांचं जेवण सकाळीच झालं होतं.

मी विचारलं, "काय पाहताय सर?"

"घरचे जेवून रायले," ते म्हणाले.

मी रडणारी बाई नाही, पण तेव्हा आत जाऊन उगीच स्टोव्ह पुसत बसले.

संध्याकाळी मालकांची नातवंडं त्यांच्याकडे गणितं करायला येत. मालकांची मुलंही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. गणितं झाली की फीबीची गोष्ट. आवाराच्या पुढच्या टोकाला, ओट्यावर कोहळा ठेवायचा, तो शनी. तितक्या अंतरावर फीबी म्हणजे माझ्या दाराच्या चौकटीला डिंकाने चिकटवलेला खसखशीचा दाणा. तो पुसायचा नाही, अशी मला सक्त ताकीद होती. (शनीची मात्र घरातल्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी भाजी केली.) सर सांगत, "शनीचे मोठे चंद्र त्याच्या घरीच जन्मले. हा बाहेरचा. आपल्या रस्त्यानं जाऊन रायला होता, शनीनं ओढून घेतला."

एका नातीने विचारलं, "मंग आबा, तो शनीच्या घरचा का बाहेरचा?"

"पुस्तकात तर शनीचाच चंद्र म्हणतात," सर म्हणाले. मग चौकटीवरच्या दाण्याकडे बोट करत, "त्याच्या अंगावरची धूळ उडते ना, तिचं शनीभोवती लय मोठं कडं झालं आहे. पन ते एवढं पातळ, का कोनाले दिसत नाही." पोरीला तेवढ्याने समाधान झालं नाही. ती म्हणाली, पण घरचा का बाहेरचा? सरांनी तिला पाढे म्हणायला लावले.

दर वर्षी धानाची चुरणी-मळणी झाली की कोंढ्याहून त्यांचा पुतण्या यायचा. चाळिशीचा, सरळ मनाचा शेतकरी माणूस, सोबत नव्या तांदळाचं पोतं. दोन दिवस राहायचा आणि जाताना म्हणायचा, "काका, आता चला. काकू होती तवा गोष्ट येगळी होती. आता तुमचं इथं कोन आहे?" सर म्हणायचे, "या फेरीत पाहू." असं बरीच वर्षं चाललं. मग एका वर्षी तो जास्त तयारीने आला. काकांचे गुडघे दुखतात म्हणून त्याने कोंढ्याला खोली बांधली होती, तिला लागूनच संडास-बाथरूम. उन्हाळ्यात मालकांच्या नातीचं लग्न होतं, तीच ती पाढे म्हणणारी. हां हां म्हणता मोठी झाली होती. पुतण्या म्हणाला, "लग्नाले मी गाडी घेऊनच येतो. लग्न लागलं, का निघू."

या वेळी सर हो म्हणाले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी दवाखान्यातून परत आले तर पडवीतली भिंत रिकामी. फोटो काढून, मानाच्या दोन टॉवेलांत गुंडाळून सरांनी बॅगेत ठेवला होता. मला एकदम राग आला. मी म्हटलं, "तुम्हाला जायचंय का सर?"

"नाही."

"मग कशाला चाललात?"

ते पायरीवर बसले, गुडघा चोळत. "डॉक्टर, इथल्या कोनी एकानंबी म्हटलं असतं ना, का तुमी कायले जाता, तर मी नसतो गेलो. पन पाहुण्याले कोनी अडवत नाही जी. पाहुण्याले लोक 'पुन्हा या' म्हनतात." ते हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. वर्गात प्रयोग का फसला ते समजावून सांगावं तसं बोलले.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या गोठ्यात एक गाय तपासायची होती, गाभण आहे की नाही ते पाहायला. या कामात डॉक्टरचा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत असतो. अशा अवस्थेत गोड बोलणं जमत नाही, निदान मला तरी जमत नाही. मालक दावं धरून उभे होते. मी विचारलं, "सर चाललेत, कळलं ना तुम्हाला?"

"कळलं." मालक दावं हाताला गुंडाळायला लागले. "माही बहीन गेली, तवाच मले भेव होता. पन मी काय म्हनू डॉक्टरबाई? दुसऱ्याच्या घरचा मानूस. त्याइचा पुतन्या म्हनंल, म्हातारा दाबून ठेवला. आपला काय हक? आपन मानपान करू शकतो, थो केला. चाळीस वर्षं पह्यल्या पंगतीत बसवलं त्याइले. एक बार चुकलो नाही."

"आणि तुम्ही कधी बसता?"

"मी? घरचे लोकं शेवटीच बसतात ना बाई."

"मग सर कोण?"

गाईने शेपटी माझ्या तोंडावर मारली. मी म्हटलं, "चाळीस वर्षं त्या माणसाला तुमच्याबरोबर तळाचा भात खायचाय, आणि तुम्ही त्याला सुपारी देऊन खुर्चीवर बसवता. तुम्ही मान देता आणि त्यांना वाटतं, आपल्याला दूर ठेवलंय." एवढं बोलून मी हात बाहेर काढला. "तीन महिन्यांची गाभण आहे," मी सांगितलं.

गाय गाभण असल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर अजिबात दिसला नाही. मी हात धुऊन निघून आले आणि दिवसभर वाटत राहिलं की मी जरा जास्तच बोलले.

लग्न सकाळचं होतं. मंडप मिलसमोर. पुतण्या गाडी घेऊन आला, सरांची बॅग त्याने गाडीत ठेवलीसुद्धा. अक्षता पडल्या. पहिली पंगत बसायला लागली, तशी मालकांच्या मुलांनी नेहमीप्रमाणे सरांना दंडाला धरून आणलं, पहिल्या पत्रावळीवर बसवलं. शेजारी पुतण्या बसला. त्याच्या पलीकडे दोन-तीन पानं सोडून मी. सरांच्या कपाळावर टिळा, खांद्यावर नवा दुपट्टा.

मालकांची लोखंडी खुर्ची मंडपाच्या मधोमध होती. ते खुर्चीतून उठले. मुळात ते उठले हीच बातमी होती. लोक वळून पाहायला लागले. ते सरांच्या समोर येऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "उठवा त्याइले."

भरल्या पंगतीतून माणसाला उठवणं, आणि तेही जावयाला, यापेक्षा मोठा अपमान आमच्याकडे नाही. पुतण्या ताडकन उभा राहिला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. माझं ऐकून हा माणूस हेच शिकला का, असं मला झालं.

सर हळूच वर पाहत म्हणाले, "काय झालं दादा?"

"काय झालं म्हनून इचारता? घरचा मानूस पह्यल्या पंगतीत बसते काय? लोकं उपाशी बसून रायले, वाढाले हात नाहीत, आन् तुमी बसले पाय पसरून! नात तुमची नाही काय? पाढे कोनं शिकवले तिले? उठा! वरनाची बालटी घ्या!"

सर उठले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला आणि कोणी हात दिला नाही, कारण मालक सगळ्यांवर डोळे वटारून उभे होते. सरांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, कमरेला कसून बांधला आणि बादली उचलली. भात वाढणारी पोरं या टोकाने निघाली होती. सर सवयीने त्या टोकाला गेले आणि उलटे निघाले. झालं! तिकडच्या लोकांच्या पानात भाताचा पत्ता नाही आणि वरण आलं. पत्रावळ्यांवरून वरण वाहायला लागलं, लोक धोतर, पँटी, लुगडी सावरत ओरडायला लागले.

"उलटाच फिरते! हा मानूस जल्मभर उलटाच फिरते!" मालक गरजले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

वाढत वाढत सर पुतण्यापर्यंत पोचले. तो अजून उभाच होता. सर म्हणाले, "बसा पाहुणे. लाजू नका, घ्या वरण."

पुतण्या खाली बसला. भातात आळं करता करता, मान वर न करता तो म्हणाला, "काका, बॅग गाडीत टाकली आहे तुमची."

"काढून ठेव बापा," सर म्हणाले. "फोटो आहे तिच्यात. काच फुटंन."

शेवटची पंगत बसली तेव्हा दुपार टळून गेली होती. मालक त्यांच्या खुर्चीतून उतरून चक्क जमिनीवर बसले होते आणि त्यांना लागून सर. बुंदी संपलेली. भात तळाचा, थोडा लागलेला. वरणाची बादली उपडी करून पाहिली तर थेंब नाही.

"वरन सरलं काय?" सरांनी विचारलं.

"तुमीच सांडवलं, आता खा सुका," मालक म्हणाले.

मला राहवलं नाही. मी पाण्याचा जग उचलला आणि वाढायला निघाले. सरांनी लांबूनच हात केला. "अजी डॉक्टर, तुमी कायले? ठेवा तो जग. तुमी पाहुण्या आहात. बसा खुर्चीवर, कोनी सुपारी द्या रे त्याइले."

मी खुर्चीवर जाऊन बसले. सर कोरडा भात खात होते आणि अजून मागत होते.